कवटीचे हाड बसवल्यानंतर : जखमेची काळजी आणि घरची शुश्रूषा

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही परिचारिका. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची आम्हाला सवय नाही. वॉर्डात आमचे बोलणे असते ते "काका, हात दाबा", "ताई, डोळे उघडा" एवढेच. तरीही संस्थेने आरोग्यावर बोला म्हणून आग्रह केला, तेव्हा आम्ही मुद्दाम हा विषय निवडला. रक्तदाब, मधुमेह यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. डोक्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी आणल्यावर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात डोक्याला मार लागलेली माणसे किती, हे आपण आपल्या गल्लीत डोकावले तरी कळेल. लोकलच्या दारात लटकून रोज मुंबई गाठणारी आपली मुले आहेत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले, ते आपल्यासारखेच कामावर निघालेले लोक होते. बदलापुरात इमारतींची कामे चालू आहेत, तिथे परातीवर, पहाडावर चढणारे आपलेच भाऊ आहेत. मोटारसायकल घरोघरी आली, हेल्मेट मात्र खुंटीला राहिले.

असा जखमी माणूस आधी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयात जातो आणि मेंदूच्या ऑपरेशनसाठी बहुधा पुढे मुंबईला पाठवला जातो. शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. ही नावे आपल्याकडे आजोळच्या गावासारखी पाठ झालेली आहेत. ऑपरेशन तिकडे होते. पण जखम भरते ती इकडे, कॅम्पातल्या किंवा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. भरली नाही तर तीही इकडेच. आम्हाला बोलायचे आहे ते या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी.

प्रथम नेमके काय केले जाते ते समजून घेऊ. कवटी म्हणजे चहूबाजूंनी बंद पेटी. पाय मुरगळला तर सूज बाहेर येते. मेंदू सुजला तर त्याला बाहेर यायला वाट नाही, तो आतल्या आत दाबला जातो आणि श्वासाचे केंद्रही दाबले जाते. म्हणून सर्जन कवटीचा तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा काढून ठेवतात आणि वर नुसती कातडी शिवतात. जीव वाचतो. काढलेले हाड काही ठिकाणी खोल थंड फ्रीजरमध्ये ठेवतात, काही ठिकाणी रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली खिसा करून त्यात ठेवतात. हे ऐकून नातेवाईक घाबरतात. "डोक्याचं हाड पोटात कसं?" असे आम्हाला कितीदा तरी विचारले गेले आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. स्वतःच्या शरीरात ते हाड स्वच्छ राहते, आणि विजेचे बिलही लागत नाही. लक्षात एवढेच ठेवायचे की या रुग्णाच्या अंगावर दोन जखमा आहेत. डोक्याची सगळे पाहतात, पोटाची कोणी पाहत नाही.

सूज उतरली की, सहसा दीड महिन्यापासून सहा महिन्यांच्या अवधीत, दुसरे ऑपरेशन करून ते हाड परत बसवतात. हाड कुजले असेल, विरघळले असेल किंवा अपघातातच त्याचा चुरा झाला असेल, तर टायटॅनियमची जाळी, हाडाचे सिमेंट किंवा मापाबरहुकूम तयार केलेला प्लास्टिकचा तुकडा बसवतात. २०१८ साली पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा मोठा भाग अशाच मापाने बनवलेल्या पॉलिथिलीनच्या तुकड्याने बदलला, ती बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. परकी वस्तू डोक्यात कशी चालते, ही शंका जुनीच आहे. युरोपात सतराव्या शतकात एका रशियन सरदाराची कवटी कुत्र्याच्या हाडाने सांधल्याची हकीकत डच वैद्य मीकरेन यांच्या १६६८ सालच्या ग्रंथात आली आहे. चर्चने त्याला बहिष्कृत केले, तेव्हा ते हाड काढून टाका म्हणून तो परत गेला, पण हाड इतके पक्के बसले होते की काढता येईना!

हे दुसरे ऑपरेशन टाळणारे लोक आम्ही फार पाहतो. माणूस वाचला, चालू-बोलू लागला, मग पुन्हा डोके कशाला उघडायचे? शिवाय पहिल्या वेळी दोन महिने मजुरी बुडालेली, उसनवारी झालेली. कारणे खोटी नाहीत. पण हाड नसलेल्या जागी मेंदूवर फक्त कातडी असते. घरातल्या लहान मुलाने खेळता खेळता मारलेला चेंडूसुद्धा तिथे घातक. काहींच्या डोक्याला खळगा पडतो, उठून बसले की डोके दुखते, चक्कर येते, हातापायातली ताकद कमी होते, आणि हाड बसवल्यावर यातले बरेच सुधारते. खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी भेटा. हाड बसेपर्यंतच्या दिवसांत रुग्णाने उघड्या बाजूवर झोपू नये आणि घराबाहेर पडताना हेल्मेट घालावे.

आता शुश्रूषेकडे वळतो. विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा आहे. आपल्या विद्यार्थ्यांना ती राजवैद्य जीवक एवढीच ठाऊक असते. राजगृहातला एक श्रेष्ठी सात वर्षे डोक्याच्या दुखण्याने हैराण होता, वैद्यांनी हात टेकले होते. जीवकाने त्याला विचारले, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहशील का? तो हो म्हणाला. मग जीवकाने त्याची कवटी उघडून दोन किडे काढले, सांधा मिटवला, कातडी शिवली, लेप लावला. श्रेष्ठीला सात महिने काही निघेनात. प्रत्येक कुशीला सातव्या दिवशी तो म्हणे, आता सोसत नाही. असे एकवीस दिवस झाले आणि जीवक म्हणाला, ऊठ, तू बरा झालास, एकवीस दिवस पुरतील हे मला माहीत होते, पण महिने सांगितले नसते तर तू एवढेसुद्धा पडून राहिला नसतास.

कथा म्हणून वाचा किंवा इतिहास म्हणून, आम्हाला तिच्यात एक गोष्ट फार खरी वाटते. कापण्या-शिवण्याला कथेत दोन-चार वाक्ये आहेत, आणि पडून राहण्यावर सगळी घासाघीस आहे. आमच्या वॉर्डात रोज हेच चालते. आणि ते एकवीस दिवसही अगदी मनाचे नाहीत, त्याचा उलगडा पुढे येईल.

हाड बसवून रुग्ण वॉर्डात आला की पहिला दिवस-दोन दिवस जोखमीचे. आत रक्त साठले तर ते आधी शुद्धीवरून कळते, जखमेवरून नंतर. म्हणून आम्ही तासातासाला त्याला हाक मारतो, डोळ्यांत बॅटरी मारतो, हात दाबायला सांगतो. नातेवाईक चिडतात, "झोपू द्या ना सिस्टर त्याला!" पण हा छळ नव्हे. ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ साली यासाठी गुणांची मोजपट्टी दिली. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. अगदी बेशुद्धालाही ३ मिळतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी हे पाठ करण्यापेक्षा खाटेपाशी करून पाहावे. एकूण १५ वरून १३ वर आला, एवढ्यावर सर्जनला रात्री उठवावे लागते. या काळात डोक्याकडची बाजू साधारण तीस अंश वर ठेवतात, मान सरळ, बसवलेल्या बाजूवर भार नाही. कातडीखालून एक बारीक नळी काढून बाटलीला जोडलेली असते, ती एक-दोन दिवसांत काढतात. तोवर ती ओढली जाणार नाही हे पाहणे नातेवाइकांचेही काम आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या बाजूचा डोळा सुजून बंद होतो, काळानिळा पडतो. घरची मंडळी रडू लागतात. ती सूज बहुधा वरून खाली उतरलेली असते आणि काही दिवसांत ओसरते. कानाच्या वर चावण्याचा स्नायू असतो, तो ऑपरेशनमध्ये उचललेला असतो, म्हणून काही दिवस तोंड नीट उघडत नाही, भाकरी चावताना दुखते. तेव्हा भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. टाक्यांच्या पलीकडची कातडी कित्येक महिने बधिर राहू शकते. या तिन्ही गोष्टी आधी सांगितल्या तर अर्धी भीती जाते, म्हणून आज सांगून ठेवतो.

जखम कशी भरते? पहिले तीन-चार दिवस शरीर साफसफाई करते, म्हणून थोडी लाली, थोडी सूज असतेच. मग नवे धागे विणले जातात, ते काम साधारण तीन आठवडे जोरात चालते. हेच ते एकवीस दिवस. पण तीन आठवड्यांनी वरून बंद दिसणाऱ्या जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पाव असते. पुढचे काही महिने ती पक्की होत जाते आणि तरीही पूर्वीइतकी कधीच होत नाही. टाके एक ते दोन आठवड्यांत निघतात आणि लोकांना वाटते संपले. टोपलीभर वाळू डोक्यावर घ्यायला लागलेला माणूस आम्ही पाचव्या आठवड्यात पाहिला आहे!

डोक्याच्या कातडीला रक्त भरपूर मिळते, हे आपले नशीब. पण कानासमोरून वर जाणाऱ्या ज्या धमनीवर ती कातडी जगते, तिच्यावर घट्ट पट्टी किंवा चष्म्याची दांडी सतत दाबली, किंवा रुग्ण त्याच कुशीवर तासन्‌तास पडला, तर कडा काळ्या पडतात. तंबाखू, विडी आणि आपल्या बायकांची मिश्री या तिन्हींतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते. मिश्रीला कोणी व्यसन समजत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारले तर "काही नाही" असे उत्तर मिळते. आम्ही वेगळे विचारतो, "दात कशाने घासता?" मधुमेह असेल तर साखर ताब्यात आल्याशिवाय जखमेला हात लागत नाही, असेच समजा.

आणि खाणे. इथे आम्हाला घरच्या वडीलधाऱ्यांशी भांडावे लागते. जखम झाली की अंडे उष्ण म्हणून बंद, मासे बंद, वांगे बंद, आंबट खाल्ले तर पू होतो म्हणून लिंबू-आवळा बंद. राहते काय? पेज आणि चहा-बिस्किट. नवे धागे विणायला प्रथिने लागतात आणि ती विण घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागते. म्हणजे आपण बंद करतो नेमके तेच हवे असते. अंडी, सुकट-बोंबील, डाळ, मटकी, शेंगदाणे, दही, पेरू, आवळा हे सगळे आपल्या बाजारात मिळते, त्याला टॉनिकच्या बाटलीची गरज नाही. मूत्रपिंडाचा किंवा दुसरा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या.

घरी आल्यावर पट्टीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. आपल्याकडे नळाला पाणी कधी येते कधी नाही, तर त्यासाठी एक झाकणाची बादली वेगळी ठेवा. जखमेवर हळद, खोबरेल तेल, टाल्कम पावडर, राख, कोणी आणून दिलेले मलम, काहीही लावू नका. हळदीचे गुण आम्ही नाकारत नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. टाके निघून जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत तेल आणि मेंदी दोन्ही लांब ठेवा. डोके कधी धुवायचे ते सर्जनला विचारून घ्या, धुवाल तेव्हा सौम्य साबण, नखे न लावता, आणि मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. जखम भरताना खाज येते. रुग्णाची नखे कापा, झोपेत तो खाजवतो. उशीचा अभ्रा रोज बदला. माश्या घोंगावत असतील तर दिवसाही मच्छरदाणी लावा. आणि भेटायला येणाऱ्यांना, कितीही जवळचे असोत, "दाखव बघू कसं शिवलंय" म्हणून पट्टी उचलू देऊ नका.

आकडी येऊ शकते. आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, घड्याळ पाहा. कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर मुळीच नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागल्या, तर १०८. आकडीची गोळी एकही दिवस चुकवू नये, आणि बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. बदलापूरचा एक गवंडी, नाव सांगत नाही, हाड उत्तम बसले होते, टाकेही निघाले. दीड महिन्याने टाक्यांच्या रेषेवर एक फोड आला. फुटला, थोडा पू आला, खपली धरली, पुन्हा आला. ताप नाही, दुखणे नाही. घरच्यांनी मेडिकलमधून मलम आणि गोळ्या आणल्या. कामाचा खाडा नको म्हणून तो दोन महिने तसाच राहिला. अखेर आला तेव्हा जंतू हाडापर्यंत पोचले होते. हाड काढून टाकावे लागले, कित्येक आठवडे इंजेक्शने झाली, आणि तो पुन्हा पहिल्या जागी आला, उघड्या डोक्याने, पुढच्या ऑपरेशनची वाट पाहत. जगभरच्या रुग्णालयांच्या अनुभवात हाड बसवलेल्या शंभरांत साधारण पाच ते दहा जणांना जंतुसंसर्ग होतो, आणि तो कधी कधी महिन्यांनीही डोके वर काढतो. म्हणून टाक्यांवरचा फोड हा फोड समजू नये. जखमेतून पाण्यासारखे स्वच्छ पाणी झिरपू लागले तर तो घाम नव्हे, मेंदूभोवतीचे पाणी असू शकते, त्याच दिवशी निघा. ताप, वाढती लाली, फुगत जाणारी सूज, जाळीची किंवा हाडाची कड दिसणे, न थांबणारी उलटी, गुंगी, नव्याने हात-पाय लुळा पडणे, या सगळ्यांना हाच नियम. सूज आली तर कोणाकडूनही सुई टोचून पाणी काढून घेऊ नका, आणि ऑपरेशन जिथे झाले त्यांनाच दाखवा. निदान त्यांना फोन करून मग जवळच्या रुग्णालयात जा. त्यांना दाखवल्याखेरीज अँटिबायोटिक सुरू केले की जंतू दबतात, मरत नाहीत, आणि तपासणीत सापडतही नाहीत.

महावग्गातच रुग्ण कसा असावा आणि शुश्रूषा करणारा कसा असावा, याची पाच-पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यात रुग्णाने दुखणे वाढते आहे की उतरते आहे ते जसेच्या तसे सांगावे, असे एक लक्षण आहे. त्या गवंड्याने ते सांगितले नाही, कारण सांगितले असते तर मजुरी गेली असती. म्हणून आम्ही त्याला दोष देऊ शकत नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या लक्षणांत मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न वाटणे, हेही आहे. घरात हे काम कोण करते ते आपण सगळे जाणतो. आई, बायको, बहीण. भाऊ औषधे आणून देतो आणि बाहेर पारावर बसतो!

काही रुग्ण पूर्ण शुद्धीवर येत नाहीत, पडून राहतात. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू रोज पाहावी. पाण्याची गादी आणली म्हणून कूस बदलणे चुकत नाही. हे शक्य आहे का, असे विचारणाऱ्यांना आम्ही केईएमचे उदाहरण देतो. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ सालच्या मे महिन्यात वारल्या. ही सगळी वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले, आणि त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या निकालात आहे. पण तिथे पाळी बदलत होती. आपल्या खोलीत एकाच बाईची पाळी सकाळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिचीच असते. तिसऱ्या आठवड्यात तिला झोप लागते आणि कूस राहून जाते.

म्हणून संस्थेकडे आमचे एक मागणे आहे. पैशाची मदत आपण करताच. त्यासोबत वस्तीतल्या अशा घरासाठी पाळ्या लावा. रात्री दहा ते दोन एक जण, दोन ते सहा दुसरा. महाविद्यालयीन मुलांनी हे करावे, मुलग्यांनी विशेष. कूस कशी बदलायची, चादर न ओढता कशी सरकवायची, हे एका दुपारी आम्ही शिकवू. टाके काढायला किंवा तपासणीला मुंबईला जाताना रुग्णाबरोबर एक धडधाकट मुलगा द्या, आणि गर्दी ओसरल्यावरची, शक्यतो अंबरनाथ किंवा बदलापूरहून सुटणारी गाडी धरा म्हणजे बसायला जागा मिळेल.

आणि प्रत्येक घराला एक वही द्या. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि अक्षर कोणाला लागत नाही. विद्यार्थ्यांनी ते वॉर्डातून निघण्यापूर्वी सिस्टरकडून समजून घेऊन मराठीत उतरवावे. गोळीचे नाव, वेळ, कधी बंद करायची. टाके कोणत्या तारखेला. रोज सकाळी जखम पाहून एक ओळ, कोरडी की ओली, लाली आहे की नाही, ताप किती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत रुग्णालयाचे नाव, युनिट, केसपेपरचा नंबर आणि ओपीडीचा वार. ज्यांचे हाड अजून बसवायचे आहे, त्यांच्या वहीत त्याखाली आणखी एक ओळ घाला. हाड कुठे ठेवले आहे, फ्रीजरमध्ये की पोटात, आणि परत कधी बोलावले आहे.